कोकणातल्या संस्थांना आयटीवाल्यांची मदत: नेमकी कशी करावी?

जांभाचिरा

नमस्कार मंडळी. मुंबई-पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणारे कोकणातले बरेच जण गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात गावी येतात. गावच्या वाचनालयाला, बचतगटांच्या संस्थेला, दिव्यांग मुलांच्या शाळेला काहीतरी करून द्यावं असं त्यांना मनापासून वाटतं. आणि बहुतेक वेळा करून काय दिलं जातं, तर वेबसाइट. दोन वर्षांनी डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या इंटरनेटवरच्या नावाची, मुदत संपते. त्याची सूचना करून देणाऱ्याच्या जुन्या ईमेलवर जाते, संस्थेला पत्ताच नसतो, आणि एक दिवस संस्थेच्या नावावर भलत्याच जाहिराती दिसायला लागतात.

हेतूत खोट नसते, रचनेत असते. एकट्या माणसाची नोकरी बदलते, बदली होते, घरात आजारपण निघतं. म्हणून दहा-पंधरा जणांचा गट असावा आणि संस्थेचं नातं त्या गटाशी असावं. गटात एखादा हिशेबाची सॉफ्टवेअरं जाणणारा, एखादा नेटवर्क-हार्डवेअरवाला, दोघंतिघं डेटावाले, आणि एक तरी माणूस असा की जो संस्थेच्या ताईंशी शांतपणे फोनवर बोलू शकेल. हा शेवटचा मिळाला नाही तर बाकीचे असून उपयोग नाही.

जगात ही पद्धत जुनी आहे. टेकसूप ही संस्था १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कॉम्प्युमेंटर या नावानं सुरू झाली, ती मुळात संगणक जाणणाऱ्या स्वयंसेवकांची संस्थांशी गाठ घालून देण्यासाठीच. सॉफ्टवेअरचं दान आणि सवलती नंतर आल्या. त्यातली एक युक्ती उचलण्यासारखी आहे: संस्थेची पडताळणी एकदाच करायची आणि तिच्या जोरावर अनेक कंपन्यांच्या सवलती मिळवायच्या. आपल्याकडे हे काम आयटी कंपन्यांच्या नॅसकॉम या संघटनेच्या फाउंडेशननं केलं. प्रोजेक्ट टेकफॉरडेव्हसारखे गट संस्थांसाठी मुक्त सॉफ्टवेअर बनवतात, त्यांचं व्हॉट्सअॅपवर चालणारं ग्लिफिक हे त्यातलंच.

पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडू नये असं माझं ठाम मत आहे. संस्थेत आठवडाभर काय काय लिहिलं जातं ते बघावं: पावतीपुस्तक, हजेरी, गृहभेटीची वही, अनुदानाचा तिमाही तक्ता. एकच माहिती किती ठिकाणी उतरवली जाते ते मोजावं. जी तीनदा उतरवली जाते, तिथून काम सुरू करावं.

जाणकारांनी आपापल्या विषयात भर घालावी.

खाडीपलीकडे

चांगला धागा. मी खात्यांच्या मालकीबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात.

डोमेन संस्थेच्या नावावर घ्यायचं आणि पैसे संस्थेच्या बँक खात्यातून भरायचे. वर्षाला साधारण हजार-बाराशेचा खर्च, तो अंदाजपत्रकात लिहायचा. शक्य असेल तर पाच वर्षांचं एकदम भरून टाकावं. नोंदणीसाठी दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा कधीच नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग सूचना कुठे येणार?

गूगलची ना-नफा संस्थांसाठीची योजना भारतात आहे. तिच्यात वर्कस्पेस फुकट मिळतं, म्हणजे संस्थेच्या नावाचे ईमेल, ड्राइव्ह, फॉर्म. अर्ज करण्याआधी नोंदणी दाखला, पॅन, १२ए किंवा ८०जीचं (आयकर सवलतीचं) प्रमाणपत्र समोर ठेवा आणि तिन्हींवरचं इंग्रजी नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. प्रतिष्ठान, शिक्षण, ग्राम हे शब्द प्रत्येक कागदावर वेगळ्या स्पेलिंगनं असतात आणि पडताळणी तिथेच अडते. अर्जात पॅनवरचं नाव घाला, बाकीच्यासाठी अध्यक्षांच्या सहीचं पत्र तयार ठेवा. आणखी एक: शाळा, रुग्णालयं आणि सरकारी संस्था या योजनेत बसत नाहीत. आपल्याकडे शिक्षण प्रसारक मंडळं भरपूर आहेत, शाळांनी गूगलच्या शिक्षणासाठीच्या योजनेत अर्ज करावा.

प्रशासक खाती दोन हवीत, दोन वेगळ्या माणसांकडे, आणि दोघंही संस्थेतले. गटातला माणूस सेटिंग करेपर्यंत तिसरा प्रशासक राहील, काम झालं की त्याचा अधिकार काढायचा. दुहेरी पडताळणीचे बॅकअप कोड कागदावर छापून, लखोट्यात घालून, चेकबुक जिथे असतं त्याच कपाटात ठेवायचे.

व्हॉट्सअॅपचा नंबर हीसुद्धा मालमत्ताच. सिमकार्ड संस्थेच्या नावावर घ्या, रिचार्जची तारीख लिहून ठेवा. काही महिने वापर नसलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून तिचा पिन त्याच लखोट्यात. देणगीसाठीचा क्यूआर कोड कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर तो आजच भिंतीवरून काढा.

बिमली

व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीवर पाठवलेला निरोप निम्म्या लोकांना मिळतच नाही, असं बऱ्याच संस्था सांगतात. बिघाड आहे की सेटिंग?

खाडीपलीकडे

बिघाड नाही. ज्यांनी आपल्या फोनमध्ये संस्थेचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट मिळतो, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. उपाय साधा आहे. सभासद नोंदणीच्या वेळीच समोर बसून नंबर सेव्ह करून घ्यायचा आणि एक चाचणी निरोप पाठवून बघायचा. हजारो लोकांना पाठवायचं असेल तर व्हॉट्सअॅपची व्यवसायासाठीची एपीआय सेवा (सॉफ्टवेअरमधून निरोप पाठवायची सोय) आहे. तिला निरोपाचे साचे आधी मंजूर करून घ्यावे लागतात आणि साच्याच्या निरोपाला पैसे पडतात. समोरच्यानं आधी निरोप पाठवला तर पुढच्या २४ तासांत दिलेलं साधं उत्तर फुकट असतं. म्हणून 'या नंबरवर हाय पाठवा' ही पाटी दारात लावणं स्वस्त पडतं. साध्या एसएमएसचा विचार करत असाल तर आधी डीएलटी (टेलिकॉम कंपन्यांकडची) नोंदणी लागेल, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर दोन्हींची.

पाणंद

किनाऱ्यावर काम करणाऱ्या गटांबद्दल विचारायचं होतं. ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांच्या नोंदी अजून बऱ्याच गावांत वहीत होतात. वही भिजते, आणि हंगाम संपल्यावर कुणीतरी आठ दिवस बसून एक्सेलमध्ये भरतं. हे फोनवर आणायचं तर काय वापरावं? पहाटेच्या गस्तीला किनाऱ्यावर रेंज नसते.

सुरूबन

हे काम कोबोटूलबॉक्स या माहिती गोळा करायच्या सेवेवर उत्तम होतं. फॉर्म वेबवर बनवायचा, फोनवर तिचं कोबोकलेक्ट हे अॅप टाकायचं. रेंज नसतानाही नोंद होते, गावात आल्यावर पाठवायची. फुकट योजनेला महिन्याच्या नोंदींची आणि साठवणीची मर्यादा आहे, पण घरट्यांच्या कामाला ती आड येत नाही. खरी काळजी फोटोंची. फॉर्ममध्ये फोटोच्या प्रश्नाला मॅक्स-पिक्सेल १०२४ असं लिहून ठेवा, फोटो आपोआप लहान होतात.

फॉर्म एक्सेलमध्ये लिहिलेला बरा. त्यात तीन पानं असतात: प्रश्नांचं, पर्यायांचं आणि सेटिंगचं. रकान्याचं आतलं नाव रोमन अक्षरात आणि लहान, फोनवर दिसणारा मजकूर मराठीत. हंगाम सुरू झाल्यावर मराठी मजकूर खुशाल बदला, आतलं नाव बदलू नका. बदललं की जुन्या आणि नव्या नोंदी दोन वेगळ्या रकान्यांत पडतात आणि मार्चमध्ये जोडत बसावं लागतं.

पहिला फॉर्म घरटं सापडल्याचा. यात घरट्याचा क्रमांक, सापडल्याची तारीख आणि वेळ, जीपीएस, भरतीरेषेपासूनचं अंतर मीटरमध्ये, अंड्यांची संख्या, हॅचरीत (अंडी राखायच्या कुंपणात) हलवलं का, हलवलं तर खड्ड्याचा क्रमांक आणि खोली. अंड्यांच्या रकान्याला १ ते २०० अशी मर्यादा घाला. रिडलेच्या घरट्यात साधारण शंभरच्या आसपास अंडी असतात, त्यामुळे ११२ ऐवजी १११२ दाबलं गेलं तर फोन तिथेच अडवतो. अपेक्षित तारीख माणसानं मोजायची नाही. सापडल्याच्या तारखेत ४५ आणि ६० दिवस मिळवून दोन तारखा फॉर्मच दाखवेल, म्हणजे जाळी कधीपासून दर पहाटे बघायची ते कळतं.

दुसरा फॉर्म पिल्लं बाहेर आल्याचा. इथे घरट्याचा क्रमांक हातानं टाइप करायला दिला की गोंधळ ठरलेला. कोबोमध्ये एका फॉर्मची माहिती दुसऱ्याला जोडता येते, ती जोडा आणि क्रमांक यादीतून निवडू द्या. मात्र ही यादी फोनवर आदल्या संध्याकाळी, रेंज असताना ताजी करून घ्यावी लागते. गस्त घालणाऱ्याच्या रोजच्या कामात हे बसवलं नाही तर परवा सापडलेलं घरटं यादीत दिसत नाही.

जीपीएसला अचूकतेची मर्यादा ५ मीटर ठेवा. उघड्या वाळूवर ती लगेच मिळते, सुरूच्या बनात वेळ लागतो, तेव्हा बनाबाहेर येऊन थांबायचं. ओल्या बोटांनी पडदा नीट चालत नाही, म्हणून टाइप करायचे प्रश्न कमीत कमी आणि निवडीचे जास्त. फोनचा उजेड अगदी मंद हवा. मादी वर चढत असेल तर फोन खिशातच राहू दे, नोंद नंतर.

पहिल्या हंगामात वही बंद करू नका. दर रविवारी वही आणि फोन ताडून बघा. आणि घरट्यांच्या नेमक्या जागा नकाशावर सगळ्यांना दिसतील अशा टाकू नका. ही कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, काम वनविभागाच्या बरोबरीनंच चालतं. प्रकल्प खासगी ठेवा आणि वनविभागाला बघण्यापुरता अधिकार द्या.

रातांबा

देणग्यांच्या नोंदींबद्दल. ८०जी असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणगीदारांचं विवरण, आजवरचा फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरावं लागतं. उशिराला रोज २०० रुपये फी, आणि भरलंच नाही तर १०,००० पासून १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. विवरण भरलं की पोर्टलवरून देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमं बदलली आहेत. क्रमांक आपल्या सीएंकडून समजून घ्या, रकाने मात्र आजपासून नीट ठेवा: देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, रक्कम, देणगी कायम निधीसाठी की ठरावीक कामासाठी, आणि रोख, वस्तुरूप की बँकेतून.

मे महिन्यात धावपळ होते ती पॅनसाठी. पावती फाडतानाच पॅन घ्या. पॅन दहा अक्षरांचा: पाच अक्षरं, चार अंक, शेवटी एक अक्षर. एक्सेलमध्ये त्या रकान्याला दहाची लांबी बंधनकारक करा, अर्ध्या चुका तिथेच थांबतात. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर पी असतं. तिथे दुसरं काही दिसलं तर पॅन व्यक्तीचा नाही, कंपनी-ट्रस्ट वगैरेंचा आहे, नाव तपासा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगितलेलं बरं.

मोबाइल नंबरचा रकाना भरायला घेण्याआधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर ९१ लावलेले नंबर ९.१९ई+११ असे दिसायला लागतात, आणि तशा अवस्थेत सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून साठवले की मागचे आकडे कायमचे गेले. मराठी नावं असलेली फाइल साठवताना यादीतला 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा, साध्या सीएसव्हीत सगळी नावं प्रश्नचिन्हं होतात.

आणि पत्ता! एकाच रकान्यात 'मु. पो.' पासून जिल्ह्यापर्यंत सगळं कोंबू नका. कोकणात गावापेक्षा वाडी महत्त्वाची. वाडी, गाव, तालुका, पिन असे वेगळे रकाने. गावासाठी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला कोड घेतलात तर एकाच नावाची दोन गावं वेगळी राहतात आणि सरकारी आकड्यांशी जुळवणीही होते.

बिमली

जुन्या फाइलींचं काय? बऱ्याच संस्थांचे वीस वर्षांचे अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत.

रातांबा

युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या रूपात) आणा, पण सगळे नाही. घटना, ठराव, वार्षिक अहवाल, सभासद यादी एवढं पुरे. परिवर्तकातून काढल्यावर रफार, ऱ्य-ऱ्ह, अर्धा श आणि अनुस्वार डोळ्यांनी तपासा, चुका तिथेच असतात. मूळ फाइलीची पीडीएफ करून सोबत ठेवा, म्हणजे शंका आली की ताडता येतं. सभासद यादीचं परिवर्तन दोघांनी तपासावं. आडनावात चूक राहिली की मतदार यादीच्या वेळी भांडण होतं.

गडगा

हार्डवेअरवर कुणी लिहिलं नाही म्हणून. कोकणात यंत्रं मरतात ती तीन गोष्टींनी: वीज, दमट हवा आणि पूर.

विजेच्या त्रासाचं मूळ अर्थिंगमध्ये. जांभ्याची जमीन वीज नीट वाहून नेत नाही, त्यात मे महिन्यात ती कोरडी ठणठणीत असते आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. नुसता लोखंडी पाइप ठोकून भागत नाही. बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरलेलं केमिकल अर्थिंग करा, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घाला, आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरनं मोजून घ्या: ५ ओहमच्या आत हवं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब २-३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर संगणक लावूच नका. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) बसवा, पण अर्थिंग नसेल तर तो शोभेचा. फायबरमधून वीज येत नाही, राउटरच्या अॅडॉप्टरमधून येते. गडगडायला लागलं की प्लग काढणं याला पर्याय नाही.

६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो, तो काम साठवून बंद करण्यापुरता. दिवसात चारदा वीज जाते तिथे लॅपटॉप घ्या आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, दोन-तीन तास निघतात.

दमट हवेचा उपाय फुकट आहे: पावसाळ्यात प्रत्येक यंत्र रोज अर्धा तास तरी चालू ठेवायचं. जूनला झाकून ठेवलेला संगणक गणपतीत उघडला की हमखास चालू होत नाही. रॅमच्या पट्टीचे संपर्क खोडरबरनं पुसून बघा, खाऱ्या वाऱ्याच्या गावात निम्मी 'बिघडलेली' यंत्रं तेवढ्यानं उठतात. बाहेरची हार्डडिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत.

बॅकअपचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या जागी, एक लांब. लांब म्हणजे शेजारच्या इमारतीत नव्हे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी भरलं तेव्हा अख्खी बाजारपेठ एकाच वेळी पाण्यात होती. एक प्रत घाटावर किंवा मुंबईत हवी. गूगल ड्राइव्हवर सिंक होणं हा बॅकअप नाही, इथली फाइल उडाली की तिथलीही उडते. कचरापेटीत ३० दिवस राहते, त्यानंतर प्रशासकाला आणखी २५ दिवस परत आणता येते, मग संपलं. दर तीन महिन्यांनी बॅकअपमधली एक फाइल प्रत्यक्ष उघडून बघा.

जांभाचिरा

गडगा, फार कामाचं. यातून एक कॅलेंडर निघतं: एप्रिलमध्ये अर्थिंग आणि यूपीएस, मेमध्ये देणग्यांचं विवरण, जूनच्या आधी बॅकअप. गणपतीत माणसं येतात पण संस्थेचं कुणी मोकळं नसतं, तेव्हा नवीन काम काढू नये. नवीन काम दिवाळीनंतर.

पाणंद

लाभार्थींच्या माहितीबद्दल एक मुद्दा. व्हॉट्सअॅप गटावर आधारकार्डांचे फोटो सर्रास फिरतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संस्थांनाही लागू आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागेल. तोवर एवढं तरी करा: आधार मागायचंच असेल तर शेवटचे चार अंकच दिसणारं 'मास्क्ड' आधार घ्या, ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर मिळतं. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, माहिती कशाला हवी आणि कधी पुसली जाईल हे सांगणारं. आणि जुन्या गटातले फोटो प्रत्येक फोनवरून काढा, एका फोनवरून काढून भागत नाही.

सुरूबन

मनुष्यबळाचा प्रश्न राहतो. लोणेरे, आंबव, कणकवली इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. मुलं उत्साही असतात, पण सत्र संपलं की जातात. म्हणून विद्यार्थी आणि नोकरीतला माणूस अशी जोडी लावावी. विद्यार्थी जागेवर जाईल, दुसरा फोनवर असेल. स्वतःचं नवं अॅप लिहायला मात्र कुणालाही देऊ नका. सहाव्या महिन्यात अँड्रॉइड बदलतं आणि दुरुस्त करायला कुणी नसतं.

बिमली

याला माझा थोडा विरोध. ईआरपीनेक्स्टसारखं मुक्त सॉफ्टवेअर बसवलं तर देणगी, साठा, हिशेब एकत्र येतो. ते नवं अॅप नव्हे.

रातांबा

ज्या संस्थेत पूर्णवेळ लेखापाल आहे आणि सर्व्हरचे पैसे दरमहा निघतात तिथे जरूर बसवा. बाकी ठिकाणी टॅली चालू आहे, सीएंना ती येते, ऑडिट वेळेत होतं. ते मोडू नका. देणगीदारांची यादी शीटमध्ये, हिशेब टॅलीत, आणि महिनाअखेरीला दोन्हींच्या बेरजा जुळवायच्या. न जुळल्यास फरक त्याच महिन्यात सापडतो.

जांभाचिरा

गटानं काम हाती घेताना एक पानाचा लेखी करार करावा: काय करणार, कधीपर्यंत, संस्थेतून रोज ते वापरणारी व्यक्ती कोण, आणि गट बाजूला झाल्यावर कोण बघणार. शेवटच्या दोन रकान्यांत नावं येत नसतील तर काम घेऊ नये. काम संपताना मराठीत, चित्रांसह, चार पानांची टिपणं. ती वाचून संस्थेतल्या माणसानं आपल्यासमोर एकदा सगळं करून दाखवलं की मगच काम पूर्ण.

पाणंद

शेवटचा प्रश्न. कंपन्या जुने लॅपटॉप देऊ करतात. घ्यावेत का?

गडगा

मॉडेल विचारून घ्या. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्यामुळे पुष्कळ यंत्रं वाटली जातायत. इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी किंवा पुढची असेल तर विंडोज ११ चालेल. त्याआधीची असतील तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी घालून लिनक्स मिंट टाका, ईमेल, शीट, फॉर्म सगळं ब्राउझरमध्ये होतं. मराठी टायपिंगसाठी त्यात आयबस हे साधन आणि इन्स्क्रिप्ट कळफलक आधीच लावून द्या. टॅलीचं यंत्र मात्र विंडोजचंच ठेवा. घेताना बॅटरी काढून बघा, फुगलेली असेल तर ती परत करा. चार्जर प्रत्येक यंत्राचा वेगळा आणि मूळचा हवा. दात्या कंपनीकडून डिस्क पुसल्याचं आणि यंत्र संस्थेला दिल्याचं पत्र घ्या, ऑडिटला मालमत्तेच्या नोंदवहीत ते लागतं.